सहाव्या डिस्कची टकटक

इस्पितळाच्या मशीनरूममध्ये चोवीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे नाडीवाले काका म्हणत. रुग्णांचे स्कॅन साठवणारं आठ डिस्कचं ते जुनं कपाट. त्याला नुसता कान लावून कुठली डिस्क आजारी आहे ते काका अचूक सांगत. पंख्यांची घरघर आणि गरम हवेचा झोत, बाहेरच्या माणसाचं पाच मिनिटांत डोकं उठे. त्याच कलकलाटानं दोन वर्षांपूर्वी काकांचे कान कायमचे घालवले. हे फक्त काकूंना ठाऊक. कामावर काका समोरच्याचे ओठ बघून वेळ मारून नेत. दर सोमवारी कपाटाला कान लावल्यासारखं करत आणि वहीत ‘सर्व ठीक’ लिहून सही ठोकत. खोटं कशाला सांगू, दोन वर्षं बेमालूम निभावलं त्यांनी.

गुरुवारी सकाळी कपाट अडलं. एक डिस्क शेवटच्या घटका मोजत होती आणि बाकीच्या सातींना काम करू देत नव्हती. कुठली, ते दाखवणारे दिवे कधीचेच गेलेले. आजारी डिस्क ओढून काढली तर कपाट चालणार. चुकून धडधाकट काढली तर सगळ्या रुग्णांचे स्कॅन कायमचे गेले. आणि वर ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई भूल देऊन झोपवलेली, सर्जन तिच्या जुन्या स्कॅनसाठी खोळंबलेले.

विभागप्रमुख मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “काका, लवकर बघा.”

काकांनी कान लावला. कापसाचे बोळे कोंबल्यासारखं सगळं एकसारखं. मग तळहात फिरवला. चौथी चटका बसेल इतकी तापलेली. त्यांनी तिची मूठ धरलीसुद्धा, आणि हात आखडला. मधल्या डिस्क तापतातच, दोन्हीकडून शेजारणी शेकतात त्यांना. हे तर नव्या लोकांना काकाच शिकवत आले होते. त्यांची पाचावर धारण बसली.

एक उपाय होता. घरी मिक्सरवर करून पाहिलेला: स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ दातांत धरायची. कान गेले तरी दातांना ठोका कळतो. पण मॅडमसमोर ते करायचं म्हणजे नोकरीवर पाणीच सोडायचं.

“वरून परत फोन आलाय,” मॅडमचे ओठ म्हणाले.

काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि मूठ दातांत धरली. पहिल्या तिन्हींची नुसती थरथर. चौथी तापलेली, पण ठणठणीत. पाचवीही तशीच. सहावीला दाढेत टक, टक, टक. त्यांनी डोळे मिटून सहावी ओढली.

संगणकाचा पडदा तसाच गोठलेला राहिला. मग हलला. स्कॅन वर गेला. काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. बाई वाचेल याचा आनंद होता, पण मॅडमकडे बघायची हिंमत नव्हती.

मॅडमनी कागद ओढून लिहिलं, ‘कधीपासून?’

“दोन वर्षं,” काका म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.

मॅडमनी सोमवारची वही उघडून पुढ्यात ठेवली. ‘सर्व ठीक’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि कागदावर खाली लिहिलं, ‘हे कशावरून?’

काकांनी दोनदा वाचलं. मग कमरेची मशीनरूमची किल्ली सोडवून वहीवर ठेवली. मॅडमनी ती परत दिली नाही.