आटलेल्या विहिरीवरची मोट

भूतबित कुणी सांगायला लागलं की मी त्याच्या तोंडावर हसते. अंगात आलेल्या बाईला "आधी भाकरी खाऊन घे" म्हणणारी बाई मी! त्यामुळं मी हे लिहितेय यावर माझ्या लेकीचाच विश्वास बसत नाहीये... पण घडलं ते घडलं, आणि तेव्हा ती स्वतः तिथं होती की — झोळीत!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिखलीहून कुरुळीकडं जाताना, इंद्रायणीच्या अलीकडं आमचं रान होतं. पिंपरीकडं कंपन्या उभ्या राहायला लागल्या, खडी हवी झाली, आणि आमच्या बांधाला लागूनच दगडखाण सुरू झाली. सुरुंग उडाले की फडताळातली भांडी खाली! दुसऱ्या उन्हाळ्यात आमची विहीर ठणठणीत कोरडी पडली. खडकातले झरेच फुटले. सासरे ठेकेदाराकडं गेले, तर तो म्हणाला, "पाणी काय मी प्यालो का?" रान करपलं. मग काय, त्याच खाणीत मी आणि माझी जाऊ गंगू खडी फोडायला जायला लागलो. दिवसभर धूळ खायची, रात्रभर खोकायचं.

खाणीत एक रीत होती. जेवढे सुरुंग भरले तेवढे आवाज सगळ्यांनी बोटांवर मोजायचे, मगच खाली उतरायचं. त्या दुपारी पाच भरले होते. लांब उभं राहून आम्ही पाच मोजले, मुकादमानंही मोजले. "चला गं, उतरा!" म्हणाला. उतरलो. लेकीची झोळी खालच्या बाभळीला बांधली, हातोडी उचलली...

आणि वरून मोटेचा आवाज!

अहो, मोटेचा आवाज मला कळणार नाही? चाक कुरकुरतंय, मोट भसकन थारोळ्यात रिकामी होतेय, पाणी पाटाला लागतंय... आमच्याच विहिरीवर! गंगू किंचाळली, "अगं बया, पाणी आलं! आपल्या हिरीला पाणी आलं!"

मला तर वेड लागायचंच बाकी होतं. दगडाच्या भुकटीनं पोरीच्या केसांची जट झाली होती. हिला आधी पाण्याखाली धरते म्हणत झोळी सोडली, पोर काखोटीला मारली आणि सुटले! सगळ्या बाया मागं. आणि बायांच्या मागं मुकादम, शिव्या घालत — "कामं टाकून कुटं चाललायसा? आन् मोट कोन हाकतंय?"

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं, बरं का!

विहिरीवर पोचलो. चिटपाखरू नव्हतं. थारोळ्यात पाचोळा. मोट सासऱ्यांनी केव्हाच विकलेली, चाकाचा तर पत्ताच नव्हता. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघतोय, तोच मागं — धडाड्!

जमीन हादरली. आम्ही बसायचो तिथं दगडांचा ढीग, बाभूळ मुळासकट उडालेली! एका सुरुंगाची वात तशीच धुमसत राहिली होती. मग आम्ही मोजलेला पाचवा आवाज कुठला? समोरच्या कड्यावर आपटून परत आलेला चौथ्याचाच घुमारा... आणि आम्ही सगळ्यांनी तो मोजला होता!

"हायत का सगळ्या? बगा गं!" मुकादम एकेकीला बोटांवर मोजायला लागला. सगळ्या होत्या! गंगू हसत होती, रडत होती, मला बदडत होती. मी पोरीचे मुके घेत सुटले. तोंडात नुसती भुकटी! इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, खरं सांगते.

संध्याकाळी ठेकेदार आला. "कुनी मेलं न्हाई ना? मग उद्या या कामाला."

आमची गंगू कधी परक्या पुरुषापुढं तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, "आदी आमच्या हिरीचं बोला." तो हसला आणि निघून गेला.

लोक म्हणतात, भास असेल. इतक्या जणींना एकदम? आणि मुकादमालाही? कुणी म्हणतं, दुसऱ्या कुणाची मोट असेल. त्या उन्हाळ्यात आसपासच्या एकाही विहिरीत मोट बुडेल एवढं पाणी नव्हतं. तो आवाज कुठून आला, ते मला आजही सांगता येत नाही.

विहीर कुणी आटवली, ते मात्र नावगावासकट सांगता येतं. पण ते विचारायला अजून कुणी आलेलं नाही.