धाकटीची चूल
थंडीत रामदासपेठेतल्या आमच्या फ्लॅटखाली कुणी लाकडं पेटवली, की मला खाप्याच्या सासरघराचं अंगण आठवतं. तिथं पालथ्या माठांवर लांबपोळ्या भाजायला आम्हा दोघी जावांच्या चुली शेजारीशेजारी असत. धाकटीची धडधडून पेटायची, माझी नुसती धुमसायची, आणि सासूबाईंच्या तोंडी सदा धाकटीचंच नाव. मी जळफळत आणखी लाकडं कोंबायची. एकदा सासूबाई आत गेल्या तशी धाकटी उठून माझ्याजवळ आली. "काहून कोंबता बाई, चुलीले हवा पाहिजे," म्हणत तिनं माझी दोन लाकडं बाहेर ओढली, राख बाजूला सारली. जाळ लगेच उसळला. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आज मोठीनं बरी पेटवली." धाकटी आपल्या चुलीपुढं जाऊन बसली. मीही माझ्या माठावर पोळी पसरली. त्यांच्याकडून मला मिळालेलं ते एवढंच कौतुक, आणि तेही तिचंच होतं, हे मला अजून सोसत नाही.