आक्कांच्या वहीतलं माझं अक्षर

आईला वाचता येत नाही. दर रविवारी सकाळी चहा झाला की मी तिला पुरवणी वाचून दाखवतो. गेलेल्या माणसांवरचे लेख तिला फार आवडतात. ओळख ना पाळख, तरी पदर डोळ्याला लावून ऐकते. दीड महिन्यापूर्वी असाच एक लेख वाचत होतो, तेवढ्यात शेजारचे काका दारातून सांगून गेले, की उचगावच्या डॉक्टर आक्का गेल्या. आईने पदर खाली घेतला. "बरं झालं," ती म्हणाली. "पुढं वाच." आणि मी पुढं वाचलं. आक्कांनी माझ्यासाठी काय सोसलं आणि मी त्यांच्यासाठी काय केलं, ते यावरून कळावं.

आक्का मूळच्या सीमेकडच्या जैन घरातल्या. आमच्या पेठेत त्यांचा एका खोलीचा दवाखाना होता. बोलणं फटकळ. ऊठसूट इंजेक्शन देत नसत, त्यामुळे पेठेत त्यांचं नाव जरा हलकंच होतं. सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं आमच्या लोकांना वाटत नाही. त्यांची एक तऱ्हा होती. पेशंटसोबत आलेल्या माणसाला त्या वही द्यायच्या, कार्बन घातलेली, आणि पथ्य तोंडी सांगून त्याच्याकडूनच लिहून घ्यायच्या. खाली सही. वरचं पान त्याला, खालचं वहीत. ऐकलेलं माणूस विसरतं, हातानं लिहिलेलं विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्याबाबतीत त्यांचा अंदाज चुकला नाही. मी काहीच विसरलो नव्हतो.

सत्त्याण्णव सालचा हंगाम. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेपेठेतलं वैर, आणि टीम तालमीच्या. आमच्या तालमीचा कप्तान मी, आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान भाऊ संदीप आमचा सगळ्यात वेगवान गडी. एकोणीस वर्षांचा. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे घरातही कप्तान मीच. त्या वर्षी संदीपला ताप आला, घसा इतका सुजला की थुंकी गिळवेना. मी औषधाच्या दुकानातून घशाच्या कॅप्सूल आणल्या. माझी हुशारी तिथूनच सुरू होते. चौथ्या दिवशी अंगभर लालभडक पुरळ उठलं. आई म्हणाली गोवर आहे, आणि तिनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला. मी त्याला आक्कांकडे नेलं, आईही सोबत आली.

त्यांनी आधी कॅप्सूल बंद करायला लावल्या. या आजारात त्या गोळीनं असं पुरळ उठतं म्हणाल्या. बॅटरी लावून घसा बघितला, टॉन्सिलवर पांढरा थर होता. मानेच्या मागच्या गाठी चाचपल्या. मग त्याला आडवा करून डाव्या बरगडीखाली बराच वेळ बोटं दाबत राहिल्या... रक्त तपासायला पाठवलं. टायफॉईड नव्हता. पांढऱ्या पेशी मात्र वेगळ्याच दिसत होत्या. मोनोन्युक्लिओसिस असं नाव त्यांनी सांगितलं. आमच्यात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. थुंकीतून पसरतो, एकाच बाटलीला तोंड लावून सगळी टीम पाणी पिते ना, तसा. त्यावर औषध नाही. तापाची गोळी, मिठाच्या गुळण्या, भरपूर पाणी आणि पडून राहणं. एवढंच ऐकून आईचं तोंड उतरलं. पण खरी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. त्याची प्लीहा, म्हणजे आपण पानथरी म्हणतो ती, सुजली आहे. ताप उतरेल, पोरगं हिंडायला लागेल, तरी ती नाजूकच असते. धक्का बसला तर पोटातल्या पोटात फुटते. आई तोवर संदीपला घेऊन बाहेर गेली होती. आक्कांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"लिही. सहा आठवडे मैदानात पाय ठेवायचा न्हाई. मी तपासून हो म्हटल्याबिगर न्हाई."

मी लिहिलं. सही केली. पान घडी करून खिशात घातलं आणि घरी कुणाला दाखवलं नाही, कारण तिसऱ्या आठवड्याच्या शेवटाला फायनल होती.

ताप आठ दिवसांत गेला. पुरळ गेलं. संदीप जेवायला लागला, फक्त दुपारी झोपायचा, आणि मी त्याला आळशी म्हणायचो. एकदा त्यानं विचारलं, आक्का काय म्हणाल्या रे खेळायचं? मी सांगितलं, बरं वाटलं की खेळ म्हणाल्या. यापेक्षा सरळ खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. फायनलला शेवटची वीस मिनिटं त्याला उतरवलं. समोरच्या बॅकचा गुडघा त्याला डाव्या कुशीत बसला. तो उठला, खेळला. आम्ही एक गोलनं जिंकलो. हलगी, गुलाल, खांद्यावर नाचणारी पोरं. तो पायरीवर बसून म्हणत होता, डावा खांदा लई दुखतोय. मी खांद्याला बाम चोळला... पोटातल्या रक्तानं खांदा दुखतो हे मला कुठलं ठाऊक. तोंडाला गुलाल फासलेला, त्यामुळे तो पांढरा पडलेला कुणाला दिसलाच नाही. तो कलंडला तेव्हा पोरांना वाटलं, आनंदानं लोळतोय. दवाखान्यात नर्सनं ओल्या बोळ्यानं गुलाल पुसला, तेव्हा खाली आमच्या संदीपचा चेहरा नव्हता, मेणाचा होता.

तिसऱ्या दिवशी आक्का घरी भेटायला आल्या. आईनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "एक सुई टोचली न्हाईसा. माझं पोरगं तुमी मारलासा." अख्खी गल्ली ऐकत होती. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्या परत गेल्या. त्याच सकाळी मी माझं पान पाणी तापवायच्या बंबात घातलं होतं. पुढच्या आठवड्यात तालमीतल्या पोरांनी त्यांच्या पाटीला डांबर फासलं. मी हात लावला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. बादली कुठं असते ते मात्र मीच सांगितलं होतं.

पेशंट तुटले. सहा महिन्यांत त्यांनी दवाखाना उचगावला नेला, कामगारांच्या वस्तीत. मी एकदाच गेलो. रडलो, आईला सगळं सांगतो म्हणालो.

"एवढ्यात नको," त्या म्हणाल्या. "एक लेक गेलाय तिचा. मला शिव्या देतीया तवर ती उभी तरी हाय. जरा सावरू दे. मग तूच सांग."

त्या एका 'एवढ्यात'वर मी अकरा वर्षं काढली. लग्न केलं, पोरं झाली. आक्का भाड्याच्या खोलीत म्हाताऱ्या झाल्या. पेठेत त्यांचं नाव निघालं की बाया अजून बोटं मोडायच्या, आणि मी तिथून उठून जायचो.

दिवस झाल्यावर त्यांच्या दवाखान्यातल्या मालूताईंनी मला बोलावून एक पाकीट दिलं. बाकीच्या वह्या आक्कांनी रद्दीत घालायला सांगितल्या होत्या, एवढं पान तेवढं ज्याचं त्याला द्या म्हणाल्या. कार्बनचं निळं अक्षर, थोडं फिकटलेलं. सहा आठवडे मैदानात पाय ठेवायचा नाही. खाली माझी सही, कप्तानाची, ऐटीत ओढलेली. हे पान एकदा चव्हाट्यावर दाखवलं असतं तर त्यांची पाटी, पेशंट, नाव, सगळं जागेवर राहिलं असतं. ते त्यांच्याकडे रोज होतं.

आता ते पान आमच्या टेबलावर आहे, पुरवणी वाचताना मी जिथं चष्मा ठेवतो तिथं. हा लेख रविवारी येईल. गेलेल्या माणसावरचा आहे म्हटल्यावर आई पदर सावरून बसेल. मी पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. मधेच तिनं थांब म्हटलं तरी पुढं वाचणार आहे.