वरच्या मजल्यावरचे हंगेरियन मास्तर

कुणी पकडलेलं नसताना स्वतःहून गुन्हा कबूल करणारा माणूस अख्ख्या जेद्दात एकच होता, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचे हंगेरीचे, वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे कामातून गेलेले, मिशा मात्र ऐन पंचविशीतल्या. तरुणपणी सेबर नावाची तलवार घेऊन गावोगावच्या स्पर्धा लढलेले हे गृहस्थ इथल्या एका क्लबात मुलींना तलवारबाजी शिकवायला आले होते. बिल्डिंगमधले आम्ही सगळे भारतीय त्यांना मास्तर म्हणायचो. लिफ्टमध्ये शिरताना ते आतल्या मंडळींना छत्रीने सलामी देत. जेद्दात बारा महिने छत्री बाळगणारेही ते एकटेच. मुठीत काहीतरी असल्याशिवाय त्यांना चालताच यायचं नाही. बाजारात कलिंगड निवडायचं तर एक पाय पुढे टाकून, गुडघ्यात वाकून, छत्रीचं टोक त्यावर टेकवून. कलिंगडवाला येमेनी त्यांना पाहताच दोन्ही हात वर करून शरण यायचा.

पण खरी गंमत कबुलीची. लिफ्टचा आरसा फुटला तेव्हा हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, आवाज चढवतोय तोच मास्तरांनी हात वर केला आणि माझ्या मुलीने शिकवलेलं एकमेव मराठी वाक्य ठणकावलं, "माझी चूक!" एकदा जिन्यात मीच त्यांच्यावर आदळलो, तरी चूक त्यांचीच.

हे वेड खेळातून लागलेलं. त्यांच्या काळी सेबरला वार लागताच पेटणारे विजेचे दिवे नव्हते; वार लागला की नाही ते पंच डोळ्यांनी बघून ठरवायचे. देशाच्या संघात एकच जागा उरली होती, सामना जवळजवळ जिंकलेला, आणि पंचांना न दिसलेला समोरच्याचा वार यांनी हात वर करून सांगून टाकला. जागा गेली. पुढे कितीतरी वर्षं खेळले, पण संघात काही आले नाहीत. हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मेडलच मिळालंय. मी तोंडावर "वा, वा" म्हणायचो आणि घरी येऊन बायकोला सांगायचो, "ठार वेडा आहे गं माणूस."

आमची कन्या त्यांच्याकडे चार वर्षं शिकली आणि एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचली. चौदा-चौदा. शेवटच्या पॉइंटला दोघींचे दिवे एकदम लागले; अशा वेळी पहिला हल्ला जिचा, पॉइंट तिचा. पंचबाईंनी कौल आमच्या बाजूने दिला आणि मी तत्काळ नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं, "गोल्ड!!!" वर बघतो तर पोरीने मुखवटा काढून हात वर केलेला. पहिला हल्ला समोरचीचा होता, माझा नव्हे, असं ती पंचबाईंना सांगत होती. निर्णय फिरला. ग्रुपवर तोवर आत्याबाईंनी पेढ्यांचे फोटोही टाकले होते.

माझं डोकं फिरलं. सगळ्या मुलींसमोर मी मास्तरांना सुनावलं, "तुम्ही हरलात ते हरलात, आता माझ्या पोरीलाही हरायला शिकवलंत!" लिहितानाही लाज वाटते हो. मास्तरांच्या मिशा जराशा थरथरल्या. मग त्यांनी हात वर केला आणि हळूच म्हणाले, "माझी चूक." आणि मी? मी मान डोलावून, मोठ्या मनाने, त्यांना माफ केलं!

 घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना मुलगी म्हणाली, "बाबा, सरांना सॉरी म्हण. प्लीज." म्हणेन, म्हणालो. नंतर मास्तर रोज लिफ्टमध्ये भेटायचे, तीच सलामी द्यायचे, आणि मी मोबाइलमध्ये डोकं खुपसायचो. असे पाच महिने गेले. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची.

मग त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. कायमचे हंगेरीला निघाले तेव्हा मुलीचा पेपर होता, म्हणून एअरपोर्टवर सोडायला मी एकटाच गेलो. बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. शब्द अगदी ओठांवर होते. मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तिला खेळू द्या. ती माझ्याहून चांगली आहे." मी म्हणालो, "पोचल्यावर मेसेज टाका."

दुपारी दार मुलीनेच उघडलं.

"बाबा, सॉरी म्हणालास ना?"

"हो," मी म्हणालो.

इतक्या महिन्यांनी ती मला येऊन बिलगली. मीही तिला जवळ घेतलं. खरं काय ते आजतागायत सांगितलेलं नाही.