उजव्या कोपऱ्यातली काच

तर त्या यंत्रामागची रबरी वाटी काही केल्या गाडीच्या काचेला धरेना, इथपर्यंत काल गोष्ट आली होती. पायलने वाटी फुंकून पाहिली, पुसून पाहिली, उन्हात धरून पाहिली. शेवटी गुणवंतराव ओसरीवरून ओरडले, "अवं, थुका लाव थुका! लाज काऊन वाटते? मशीन तुही, थुकाही तुहाच!" पायलने इकडेतिकडे पाहून बोटाला जरासा थुंका लावला, वाटीच्या कडेवरून फिरवला, दाबलं, मागची खिट्टी ओढली, आणि चिकटली की हो चटकन! बसली अशी, की जन्मल्यापासून तिथेच होती.

गुणवंतरावांची चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी भातगिरणी. पायल त्यांची थोरली, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोन हजार आठच्या डिसेंबरात ती सुट्टीवर आली, तेव्हा बापाच्या बोलेरोसाठी हे रस्ता दाखवायचं यंत्र घेऊन आली. बिस्किटाच्या पुड्याएवढं, त्यात पडदा, पडद्यावर रस्त्याची रेघ आणि रेघेवरून सरकणारा निळा बाण. आतून एक बाई इंग्रजीत सांगे, आता डावीकडे, आता उजवीकडे. गुणवंतराव म्हणाले, "घरात एक सांगते तेवढी पुरेशी नाई काय, तं गाडीतही एक आणली?" पण आतून खूश. चामोर्शीच्या पलीकडे, आडरानातल्या गावांतून धान घ्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि मशीन खरंच कामाची निघाली. परवाच्या फेरीत पायलने ती हातात धरून ठेवली होती, तर एका गावाची आडवाट तिने बरोब्बर दाखवली. ड्रायव्हर लहानू तर टाळी वाजवून म्हणाला होता, "वा गे बाई! अन् चहाही मांगत नाई!"

प्रश्न एवढाच उरला, की गाडीत ती लावायची कुठे.

मधोमध आरशाखाली लावली, तर गुणवंतराव म्हणाले, "समोरचा ट्रक दिसन का फकस्त हेच दिसन?" डॅशबोर्डवर ठेवली, तर तिथे मारोती बसलेले, आणि खरबरीत प्लास्टिकवर वाटी धरेना. हवेच्या जाळीत अडकवली, तर जाळीचं पातं मोडून पायलच्या हातात आलं. डाव्या कोपऱ्यात लावावी, तर पायल म्हणाली, "ड्रायव्हरनं पाहाची वस्तू, ड्रायव्हरपासून एवढी दूर ठेवून काय उपयोग?" मग उरला उजवा खालचा कोपरा, ड्रायव्हरच्या समोर, काचेच्या कडेच्या खांबाला लागून. तिथे रस्ता अडत नव्हता, हात पुरत होता, वायरही पुरत होती. पायलने ओल्या फडक्याने तो कोपरा आतून-बाहेरून स्वच्छ पुसला आणि, थुंक्याचं सांगितलंच, वाटी बसली.

आणि इतका वेळ प्रत्येक जागेवर थट्टा करणारा लहानू घाईने काचेपाशी आला.

"तिथी नोको, पायलबाई."

"काऊन वो, लहानूभाऊ?"

"ऊन लागन तिले."

"थंडीत कुठलं ऊन?"

"मंग... मले खांबाकडलं दिसत नाई."

"खांबाकडं काय पाहाचं हाय तुमाले? रस्ता समोर हाय!"

गुणवंतराव म्हणाले, "राहू दे तिथीच. ह्याले नव्या वस्तूचं असंच होते. मोबाइल देल्ला तवाही महिनाभर गमछ्यात गुंडाळून ठेवे." सगळे हसले. लहानूही हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर दुसऱ्याच्या सदऱ्यासारखं ढगळ दिसत होतं.

आता हा लहानू कोण, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जातीचा ढिवर. बापाने तलावात जाळं टाकून चार पोरं वाढवली. हे पोरगं मात्र पाण्याला कंटाळलेलं. बांबूच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलं ते गडचिरोलीचं अर्धं रान पायाखाली, नव्हे, चाकाखाली घालून ड्रायव्हर होऊनच उतरलं. बाप म्हणे, "माशाचं पोर सडकेवर किती दिवस जगन?" चांगलं जगलं. गुणवंतरावांकडे आलं, लग्न केलं. बायको कांता. काळीसावळी, उंच, आणि जीभ अशी की बाजारात मासे विकायला बसली तर गिऱ्हाईक भाव करायचं विसरून तिचं बोलणं ऐकत उभं राही. लहानू तिला म्हणे, "बस ना पुढं, गाडी खाली हाय." ती म्हणे, "मालकाच्या गाडीत पुढं बसून मी काय मालकीण होऊ? मले वाटंतच दिसत जा, तेवढं बस."

मोहफुलांच्या दिवसांत बाया पहाटेच रानात जात. चंद्रपूरच्या सडकेवर, दाट जंगलातल्या एका वळणाला मोहाची जुनी झाडं होती. कांता तिथे टोपली घेऊन वाकलेली होती. वाकलेल्या माणसाला वाघ माणूस समजत नाही म्हणतात. बाकीच्या बाया ओरडत सडकेवर आल्या, त्यात ती नव्हती.

त्या मुलखातली रीत अशी, की वाघाने नेलेला माणूस घरी परतत नाही. तो वाघाच्या मागेमागे फिरतो, नाहीतर वाटेने जाणाऱ्या कोणाच्याही मागे लागतो. म्हणून येणारा-जाणारा एक हिरवी डगाली, म्हणजे फांदी, तोडतो, त्या जागेवर टाकतो आणि मनात म्हणतो, 'इथीच राह्य बापा, माह्या मागं नोको येऊ.' डगालीवर डगाली, असा ढीग होतो. सायकलवाला थांबून टाकतो, बैलबंडीवाला टाकतो, मोटारवाला न थांबता हॉर्न तरी देतो. कांताची तेरवी झाली तेव्हा भाऊबंद ढिगापाशी गेले. मेहुण्याने लहानूच्या हातात पळसाची डगाली दिली. लहानू ती धरून उभा राहिला. सगळ्यांनी टाकल्या, त्याने नाही टाकली. तशीच हातात घेऊन गाडीत बसला, आणि ती डगाली सीटखाली वाळून गेली. लोक म्हणाले, दुःखाने भान नाही बिचाऱ्याला.

भान होतं. त्याला तिला दाबून ठेवायचं नव्हतं, एवढंच.

आणि मग त्या पावसाळ्यानंतर, एका सकाळी चंद्रपूरला जाताना, ती त्याला दिसली. समोरच्या मोठ्या काचेत नव्हे, बाजूच्या खिडकीतही नव्हे. उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथवर वायपर पोचत नाही आणि धुळीची कमान तशीच राहते, त्या वीतभर काचेत. पदर कमरेला खोचलेला, टोपली काखेत, आणि दुसरा हात गाडीला थांबवावं तसा अर्धवट वर. लहानूने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. सागाची झाडं, बांबू आणि तो ढीग. पुन्हा कोपऱ्यात पाहिलं, तर ती होती. गाडी वळण पार झाली आणि काचेत नुसती धूळ राहिली.

पुढची काही वर्षं असं व्हायचं की चंद्रपूरला जाताना ती त्या कोपऱ्यात दिसे. येताना ढीग डाव्या अंगाला येई, तेव्हा मात्र कधीच दिसत नसे. पण येताना मागच्या सीटवरून मोहफुलांचा वास येई. ओला, गोड, डोक्यात चढणारा. भादव्यात यायचा, दिवाळीत यायचा, मोहाला एक फूल नसतानाही यायचा. मूलची वेस आली की जायचा. लहानू मागे वळून पाहत नसे. पाहिलं तर उतरून जाईल, असं त्याला वाटे.

त्या कोपऱ्यातली धूळ त्याने कधी पुसली नाही. सगळी गाडी आरशासारखी, तेवढा कोपरा मळका. कधी एकटाच असला तर वळणावर थांबून ढिगाच्या वरच्या डगाल्या तो हळूच बाजूला सारी. वजन कमी व्हावं म्हणून. कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर घरच्यांनी पुजारी आणला असता, लिंबू कापलं असतं, आणि तिला कायमचं घालवलं असतं. आणि न सांगावं, तर आज तिच्या जागेवर ती मशीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायलला चंद्रपूरला सोडायचं होतं, तिथून ती पुण्याला जाणार. ती पुढे, लहानूच्या डाव्या हाताला. गुणवंतराव मागे, शाल लपेटून. धान कापून रिकाम्या झालेल्या शेतबांध्यांवर धुकं साचलेलं, गाडीचे दिवे पिवळे. मशीनमधली बाई मधूनमधून बोले, आणि गुणवंतराव प्रत्येक वेळी "हो माय" म्हणत.

जंगल लागलं. लहानूने मान जरा डावीकडे केली, मग पुढे झुकला, मग खांबाकडे गाल नेला. कोपऱ्यात फक्त पडदा, आणि पडद्याच्या कडेला पुसून लखलखीत केलेली चार बोटं काच. त्या काचेत काहीच नव्हतं.

"लहानूभाऊ, मान आखडली काय?" पायलने विचारलं.

"नाई जी."

"मग सापासारखे काऊन डोलून राह्यले?"

"झोप मोडून राह्यलो."

"अबे लहानू," मागून आवाज आला, "झोप आली असन तं थांबव. मले चंद्रपूरलेच जाचं हाय, वर नाई!"

वळण दिसू लागलं. लहानूने पडद्याकडे पाहिलं, कारण दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती. ज्याने कोणी तो नकाशा काढला त्याने एवढं वळण काही काढलं नव्हतं. सडक डावीकडे वळत होती आणि पडद्यावरची रेघ सरळच जात होती. उजव्या कडेच्या झाडांवरून, मोहांवरून. निळा बाण त्या रेघेवरून सरसर पुढे सरकत होता, आणि लहानूला उमगलं की तो कुठून जाणार आहे. ती उभी असते तिथून. बाण तिच्या अगदी पायाशी आला.

लहानूने ब्रेकवर दोन्ही पाय दिले.

गाडी किंचाळून आडवी झाली आणि थांबली. गुणवंतरावांचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. "अबे! काय आडवं आलं? डुक्कर? बिबट?" समोर सडक रिकामी, धुकं आणि शांतता. इंजिन बंद पडलं होतं. मशीनमधली बाई तेवढी बोलत होती, पुढे चला, पुढे चला.

लहानू उजव्या खिडकीबाहेरच पाहत होता. पायलने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. ढीग ओळखायला तिला वेळ लागला नाही. ती याच मुलखातली पोर. कांताच्या हातचे तळलेले झिंगे खाऊन वाढलेली. ती उतरली, सडकेच्या कडेची एक डगाली मोडली आणि ढिगाकडे निघाली.

"टाकू नोको!" लहानू ओरडला. या जन्मात मालकाच्या लेकीवर तो कधी ओरडला नव्हता. उतरून तिच्या आडवा उभा राहिला. "पायलबाई, पाया पडतो. टाकू नोका."

"असं काऊन म्हणता, लहानूभाऊ? रीत हाय ना. नाई टाकली तं... तं मागं लागते म्हणतात."

"लागू द्या ना."

मग त्याने सांगितलं. सडकेच्या कडेला उभं राहून, मान खाली घालून, सगळं. कोपरा, धूळ, टोपली, वास. मशीन लावल्यापासून कोपऱ्यात काही दिसलं नाही, तेही. आणि बाण कुठून चालला होता, तेही.

गुणवंतराव दार उघडून ऐकत होते. ऐकता ऐकता ते मागच्या सीटवर हळूहळू एका कडेला सरकले आणि बाजूची जागा त्यांनी शालीच्या टोकाने झटकली. "येताना रोज?" त्यांनी विचारलं. "मी बसलो असतो तवाही?"

"हो जी, मालक."

"अन् मी तिथी पाय पसरून घोरतो," गुणवंतराव पुटपुटले, आणि त्यावर कोणीच हसलं नाही.

पायलच्या हातात डगाली तशीच होती. तिने ती ढिगावर टाकली नाही, सडकेवरही टाकली नाही. बांबूच्या एका बेटात खोचून ठेवली. मग गाडीत जाऊन तिने उजव्या कोपऱ्यातली खिट्टी सोडली, वाटी ओढली. वाटी सुटली तसा काचेवर एक गोल ओला डाग राहिला. तिने ओढणीने तो पुसायला हात नेला, आणि मागे घेतला.

"पण मशीन तं बाबाले लागनच, तिकडल्या गावांत," ती हळू आवाजात म्हणाली. "मंग आता कुठी लावू, लहानूभाऊ? तुमीच सांगा."

लहानूने ढिगाकडे पाहिलं, मग काचेकडे, आणि म्हणाला, "तुमच्या डाव्या अंगाच्या कोपऱ्यात लावा, पायलबाई. ह्या कोपऱ्यातून कांता माही गाडी ओळखते. तिथी काही आडवं आलं, तं बिचारी दुसऱ्याच्याच गाडीत बसून जाईन ना."