शेंगदाण्याएवढा टाका

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अख्खी गोधडी शिवायला बसायचं म्हणजे बाकीच्यांना भिंतीला पाठ लावून चालायला शिकवायचं. जेलरोडच्या लंकाबाईंनी घरच्यांना महिनाभर ते शिकवलं. हॉलभर जुनी लुगडी अंथरलेली आणि मधोमध त्या स्वतः, मांडी घालून, दाताखाली दोरा धरून. सिन्नरच्या कंपनीतून रिटायर झालेले त्यांचे यजमान नाथाभाऊ टीव्हीपर्यंत पोचायचे ते सोफ्यावरून खिडकीत आणि खिडकीतून स्टुलावर. टीव्हीचा रिमोट हिनं गोधडीत शिवून टाकला, असं त्यांनी दोन दिवस सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. तो फ्रिजवर सापडला, तरी त्यांनी आपलं म्हणणं काही मागं घेतलं नाही.

निमित्त नातीचं होतं. मुलाला, योगेशला, मुलगी झाली होती. सून योगिनी बाळंतपणाला माहेरी सटाण्याला होती, ती सव्वा महिन्यानं येणार आणि बारसं इथेच होणार. गोधडीचं फोनवर कळलं तेव्हा ती गोडीनं म्हणाली, "आई, मी एकदम सॉफ्ट ब्लँकेट मागवलंय. पण तुमची गोधडी तयार झालीच, तर पाळण्यात तीच घालू या."

"झालीच तर" हे लंकाबाईंना झोंबलं. झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. आजवर त्यांनी चार गोधड्या शिवायला घेतल्या होत्या आणि चारही अर्ध्यावर माळ्यावर टाकल्या होत्या. टाके जरा पुढे गेले, की त्यांना सुमनबाईंचा आवाज ऐकू यायचा आणि हात थांबायचा.

सुमनबाई वारून बारा वर्षं झाली होती, पण आवाज होताच तसा. मूळच्या सिन्नरकडच्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पात बाजारामागच्या बोळात राहायच्या, लंकाबाईंच्या भिंतीला भिंत लावून. समोर हबीब टेलर, लष्कराचे युनिफॉर्म शिवणारे. त्यांच्या मशीनखाली पडलेली हिरवी कातरणं बायका बंब पेटवायला न्यायच्या. तेव्हा बोळात गोधडी म्हणजे चार लुगडी एकावर एक घालायची आणि धावदोरा मारायचा, बस्स. सुमनबाईंनी ती कातरणं पहिल्यांदा चिंधी म्हणून न बघता कापड म्हणून बघितली. हातानं दुमडून चौकोन केले, हिरव्याशेजारी लुगड्याचा लाल काठ बसवला आणि अशी गोधडी घातली की कर्नलसाहेबांच्या बाईसाहेब गाडी थांबवून बघायला उतरल्या. त्या बोळात तरी असं काम आधी कोणी केलं नव्हतं.

सुमनबाईंचे कायदे लष्करापेक्षा कडक. टेप लावायची नाही, आपल्या वितीनं मापायचं. कापड नवं घ्यायचं नाही, घरच्यांच्या अंगावर विरलेलंच घ्यायचं, आणि तेही न विचारता. "इचारलं का मानूस देत नाय," असं त्या म्हणायच्या. बाळासाठी दुपटं शिवायचं नाही, पुरती गोधडीच शिवायची, कारण लेकरू वाढतं, दुपटं वाढत नाय. शेवटचा कोपरा बंद करताना आत वाळल्या भाकरीचा तुकडा घालायचा, कारण उपाशी गोधडी ऊब देत नाय. आणि टाका तांदळाएवढा.

या तांदळावर लंकाबाईंचं सगळं घोडं अडलं. नवी नवरी असताना त्या मोठ्या हौसेनं सुमनबाईंकडे शिकायला बसल्या. सुमनबाई त्यांना एक वीत शिवायला द्यायच्या, मग चष्मा पुसून बघायच्या आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं विचारायच्या, "लंके, ह्यो टाका हाय का शेंगदाना?" आणि सरसर उसवायच्या. असं दोन वर्षं चाललं. पुढे लंकाबाई जेलरोडला राहायला आल्या, पण ती उसवण्याची सरसर सोबत आली. सुमनबाई उसवणार नाहीत अशी एक गोधडी आयुष्यात शिवायची आणि तिच्यावर नातीला निजवायचं, एवढंच आता त्यांना हवं होतं. लोक काशीला जातात, ह्यांना तांदूळ हवा होता.

सुमनबाईंच्या हातची एकच गोधडी आता शिल्लक होती, हबीब टेलरांच्या घरी. त्यांचा ओवेस जन्मला तेव्हा शिवलेली. लंकाबाईंनी बस पकडली आणि थेट देवळाली कॅम्प गाठला. हबीबभाईंच्या बायकोनं, शकीलाभाभींनी, ट्रंकेतून गोधडी काढली. लंकाबाई चष्मा लावून तिच्यावर अशा ओणवल्या, जसा तलाठी नकाशावर ओणवतो. चौकोन मोजले, रंगांचा क्रम वहीत लिहून घेतला. एका कोपऱ्याशी मात्र त्यांचं बोट अडलं.

"भाभी, हे बघा. ही एवढी वीत किती जाड टाक्यांची! सुमनबाईंचे डोळे तेव्हाच गेले होते वाटतं."

शकीलाभाभींनी ओढणी तोंडाला लावली आणि त्या जोरात खोकल्या.

"मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," लंकाबाई म्हणाल्या, "पण हे काही सुमनबाईंना शोभत नाही. माझं पुरं झालं की बारशाला ही घेऊन या. दोन्ही शेजारी अंथरू. बघू दे लोकांना."

"आणते की," शकीलाभाभी म्हणाल्या आणि पुन्हा खोकल्या. लंकाबाईंनी त्यांना आल्याचा काढा घ्यायला सांगितला.

मग महिना असा गेला. नाथाभाऊंची चौकड्यांची लुंगी गेली, योगेशचा कॉलेजातला शर्ट गेला, लंकाबाईंची लग्नातली हळदीची साडी गेली. "माझी लुंगी पाहिलीस का?" असं नाथाभाऊ त्याच लुंगीच्या तुकड्यावर उभं राहून विचारायचे. लंकाबाईंच्या बोटांना भोकं पडली, मान आखडली, पण टाका तांदळाच्या खाली-वर झाला नाही. जिथं झाला तिथं सुमनबाईंची वाट न बघता त्यांनी स्वतःच उसवला. बारशाच्या चार दिवस आधी योगिनी बाळाला घेऊन आली, तेव्हा फक्त शेवटचा कोपरा उघडा होता.

आणि तिथं माती खाल्ली. वाळल्या भाकरीचा तुकडा हातात घेऊन लंकाबाईंनी पाळण्यात बघितलं. नात जांभई देत होती. इतक्या गोड पोरीच्या गोधडीला कोरडी भाकरी? छे! त्यांनी गुळाची पोळी केली, तिला साजूक तूप लावलं आणि चांगला जाडसर तुकडा आत सरकवून कोपरा शिवून टाकला. सुमनबाईंना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, या आनंदात त्यांनी गोधडी दोन दिवस खिडकीखाली ठेवली.

बारशाच्या दिवशी घर भरलं. सोफ्यावर एकीकडे सुमनबाईंची गोधडी, दुसरीकडे लंकाबाईंची. बायका हात फिरवून वा वा करत होत्या. योगिनीसुद्धा मनापासून म्हणाली, "आई, मला खरंच वाटलं नव्हतं हो." लंकाबाईंचा ऊर भरून आला. गोधडीसोबत फोटो काढू म्हणून नाथाभाऊ ऐटीत सोफ्यावर टेकले, त्या शेवटच्या कोपऱ्यावर, आणि दुसऱ्या क्षणी असे उडाले की पाहुण्यांना वाटलं हा नाचच आहे.

"मुंग्या! अगं, लाल मुंग्या!"

कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघाली होती, खिडकीपर्यंत, शिस्तीत. नाथाभाऊ बाथरूमकडे पळाले. बायका हसून हसून पडायच्या बेतात आल्या. योगिनीनं बाळाला छातीशी धरलं. तिची नजर एकदा कपाटातल्या ब्लँकेटकडे गेली, आणि ती लंकाबाईंना दिसली.

लंकाबाई गोधडी उचलून आतल्या खोलीत गेल्या. ती खिडकीबाहेर झटकून, ब्लेड घेऊन कोपरा उसवायला बसल्या. पोळी निघाली, मुंग्या निघाल्या आणि डोळ्यांतून पाणीही निघालं. मागून शकीलाभाभी आल्या, खांद्यावर जुनी गोधडी टाकून.

"म्हातारी गेली, तरी शेवटी तिनं उसवलंच भाभी," लंकाबाई म्हणाल्या. "सगळ्या जन्मात माझी एक वीत काही टिकली नाही."

शकीलाभाभींनी जुनी गोधडी त्यांच्या मांडीवर टाकली आणि जाड टाक्यांचा तो कोपरा पुढे केला.

"ही टिकली की. तुझीच आहे. ओवेसच्या वेळी तू शिवलेलीस. सुमनबाई सकाळी उसवते म्हणाल्या, आणि सकाळी मला म्हणाल्या, 'ऱ्हाऊ दे. पोरीनं लय जीव लावून घातलीय.'"

लंकाबाईंनी चष्मा लावला. चौतीस वर्षं धुऊन धुऊन आजूबाजूचं हिरवं पांढरं पडलं होतं, आणि ते शेंगदाणे जागच्या जागी होते. त्यांनी प्रत्येक टाक्यावरून बोट फिरवलं.

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यांनीच नको म्हटलेलं. 'सांगू नको, डोक्यावर बसंल.' आणि तू महिन्यापूर्वी त्याच टाक्यांना नावं ठेवलीस, तेव्हा काय सांगणार?"

लंकाबाई एकदम हसू लागल्या, हसता हसता रडू लागल्या आणि मग पदरानं दोन्ही पुसून त्यांनी वाळली भाकरी मागवली.

भाकरी योगिनीच घेऊन आली. बाळाला तिनं योगेशकडे दिलं होतं. मग ती लंकाबाईंच्या शेजारी बसून म्हणाली, "आई, हा कोपरा मी घालू? तिच्यासाठी आहे ना."

लंकाबाईंनी सुई दिली. योगिनीनं जीभ बाहेर काढून, बोट दोनदा टोचून घेऊन, कोपरा शिवला आणि पुढे केला. शेंगदाणे कुठले, ते टाके खारकेएवढे होते. लंकाबाईंचा हात आपसूक ब्लेडकडे गेला. तिथं थांबला. मग त्यांनी दोरा दातानं तोडला आणि गोधडीची घडी घालून सुनेच्या हातात दिली.

"घाल पाळण्यात. माणसं खोळंबलीत."

योगिनी बाहेर गेली. पाळण्याला हात लागला, बायकांनी गाणं धरलं. लंकाबाई शकीलाभाभींच्या कानाशी लागल्या.

"तिला काही सांगू नका हं, भाभी. डोक्यावर बसेल."