विमलअक्कांचं तिसरं तळं

दुसऱ्या तळ्यातल्या कोळंबीच्या रक्तपेशी मी तीनदा मोजल्या. आकडा काही वाढेना.

मायक्रोस्कोप मी पंपाच्या खोलीतच मांडला होता. विमलअक्का दारात उभ्या होत्या. त्या पूर्व जळगावातल्या केळीवाल्या. पण पूर्णेकाठच्या त्यांच्या एका तुकड्यात बोअरचं पाणी खारं लागलं. केळीला ते चालेना, तेव्हा त्यांनी तिथे तीन तळी खोदून कोळंबी सोडली. गाव हसलं. पहिल्या वर्षी माल निघाला आणि हसणं थांबलं.

मी धुळ्याची. कोळंबीचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत टेक्निकल ऑफिसर आहे. अक्कांचा फोन आला तो शेजारच्या फार्मवर मर लागली म्हणून. व्हिब्रिओ नावाच्या जिवाणूंचा रोग होता. तो इकडे आला तर आपली कोळंबी टिकेल का, एवढंच त्यांना हवं होतं.

कोळंबीला आपल्यासारखी लस देता येत नाही. तिच्या शरीरात अँटिबॉडी बनत नाहीत. रोगाशी लढतात त्या मुख्यतः रक्तातल्या पेशी. म्हणून थेंबभर रक्त काढून पेशी मोजायच्या. प्रोबायोटिक खाद्य म्हणजे चांगले जिवाणू लावलेलं खाद्य. ते आतड्यात जागा धरतात, वाईट जिवाणूंना थारा देत नाहीत आणि या पेशींनाही तयारीत ठेवतात. अक्का काही आठवड्यांपासून आमच्या कंपनीची तशी पावडर खाद्याला लावत होत्या. ती दह्यातल्या जिवाणूंच्या जातकुळीतली होती.

पहिल्या तळ्याला साधं खाद्य होतं. ते अक्कांनीच ठरवलेलं. "बठ्ठ्या तिन्ही तळ्यांना एकच औषध दिलं तर गुण कशानं आला ते कसं कळीन?" असं त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या तळ्याला प्रोबायोटिक. तिसऱ्यात पेशी भरपूर निघाल्या. दुसऱ्यात मात्र पहिल्याइतक्याच कमी.

मी कंपनीतल्या माझ्या सरांना फोन लावला.

"दुसरं तळं रिपोर्टमधून काढा," ते म्हणाले. "सॅम्पलिंग एरर असणार."

मी जवळजवळ 'हो' म्हणाले होते. अक्का ऐकत होत्या.

"पोतं एकच, पानी एकच," त्या म्हणाल्या. "मंग फरक हाताचा हाये. सुपडूभाऊ, ताईंना खाद्य करून दाखवा बरं."

सुपडूभाऊ त्यांचे जुने गडी. दुसऱ्या तळ्याचं खाद्य तेच करत. त्यांनी चुलीवरून गुळाचं पाणी उतरवलं, वाफाळत्या पाण्यातच पावडर ढवळली, ते खाद्याला चोळलं आणि खाद्य ताडपत्रीवर भर उन्हात पसरलं.

"भाऊ, हे असं कोणी सांगितलं?"

"कागदवर तसंच लिखेल शे, ताई."

त्यांनी खिशातून पत्रक काढून दिलं. 'गरम पाण्यात गूळ विरघळवून पावडर मिसळा. खाद्यास लावून वाळवा.' पाणी थंड होऊ द्या, सावलीत वाळवा, यातलं एक अक्षर नव्हतं. ते पत्रक मीच लिहिलं होतं. लिहिताना मला ते इतकं उघड वाटलं, की लिहायचं सुचलंच नाही.

"आणि तिसऱ्या तळ्याचं?"

"ते म्या करते," अक्का म्हणाल्या. "उकळत्या दुधात कोनी विरजन लावतं का? म्या पानी थंड होऊ दिलं. पडवीत वाळवलं."

"मग सुपडूभाऊंना का नाही सांगितलंत?"

"तुमी शिकलेल्या. तुमचा कागद चुकला आसं म्या कोन्या तोंडानं म्हनावं? म्हनून एका तळ्यात तुमचं चालू दिलं, एका तळ्यात माझं. आता तुमीच मोजलं."

प्रयोग कसा करावा हे मी कॉलेजात पाच वर्षं शिकले. एवढा सरळ प्रयोग माझ्या हातून झाला नव्हता, आणि तोही समोरच्याचा मान राखून. मी सुपडूभाऊंची माफी मागितली. ते ओशाळून ताडपत्री सावलीत ओढायला लागले.

रोग आलाच. पहिल्या तळ्यातला माल लहान असतानाच काढावा लागला. दुसऱ्यातलं खाद्य आम्ही त्याच दिवशी बदललं होतं, पण उशीर झाला होता. तेही रिकामं करावं लागलं. तिसऱ्यातली थोडी कोळंबी मेली, बाकीची तगली आणि पूर्ण वाढून निघाली.

रिपोर्टमध्ये मी तिन्ही तळी लिहिली, पत्रकाची चूकही लिहिली. सर म्हणाले, "एका फार्मवरून काही सिद्ध होत नाही."

"पावडरचं नाही होत," मी म्हटलं. "पत्रक चुकलंय एवढं सिद्ध होतं."

त्यांनी नवं पत्रक छापायला सही केली, आणि जुनी पत्रकं मी फार्मोफार्मी फिरून गोळा केली.

आता कुठलीही सूचना छापायला देण्याआधी मी ती एखाद्या फार्मवरच्या माणसाच्या हातात देते आणि शेजारी गप्प बसून बघते. तो चुकला, तर वाक्य बदलते.